बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या लिंक्सवर: बेत कसा आखावा?

पारसिकच्या_पायथ्याशी

नमस्कार मंडळी,

धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं, आज काढतेच. बेलापूरला राहते. बाबा ६८ वर्षांचे. सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये झाली. बेलापूरला राहायला आल्यापासून निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी हार्बरची लोकल पकडून डॉकयार्ड रोडला उतरायचे. निवृत्तीनंतर घरात चैन पडेना, म्हणून मीच त्यांना खारघर व्हॅलीच्या गोल्फ कोर्सवर घेऊन गेले. पहिल्या दिवशी सात नंबरच्या आयर्नने चाळीसेक बॉल मारले, त्यातले सहा-सात हवेत गेले असतील. घरी आल्यावर म्हणाले, "उद्या परत जाऊ." त्याला आता आठ वर्षं झाली. त्यांच्या नादाने मीही खेळायला लागले.

पुढच्या वर्षी त्यांना खऱ्या लिंक्स कोर्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सवर, न्यायचं मनात आहे. सेंट अँड्रूज हे नाव त्यांच्या तोंडी कायम असतं. दहा दिवस, आम्ही दोघंच. दोघांकडेही हँडिकॅपचं, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारं, प्रमाणपत्र आहे. बाबांचा उजवा गुडघा जरा कुरकुरतो. सपाटीवर चालतात, चढावर थांबत थांबत.

कधी जावं, कुठे मुक्काम करावा, किती कोर्स खेळावेत? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

घोडबंदरचा_गोल्फर

ताई, सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळेलच असं धरून तिकिटं काढू नका, हे सगळ्यात आधी सांगतो. आगाऊ बुकिंगच्या वेळा थोड्या असतात आणि लवकर संपतात. बाकीच्यांसाठी बॅलट. आपल्याकडे सिडकोच्या घरांची सोडत निघते तशीच ही सोडत, फक्त रोज निघते. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी नाव टाकायचं. किमान दोघं, जास्तीत जास्त चौघं. तुम्ही दोघं आहात, म्हणजे तेवढं जमलं. एकट्याने आलेल्यांची पूर्वी आदल्या रात्रीपासून रांग लागायची. २०२४ पासून त्यांचीही सोडत ऑनलाइन झाली.

रविवारी ओल्ड कोर्स गोल्फला बंद असतो, तो दिवस धरू नका. आणि २०२७ ची ओपन स्पर्धा सेंट अँड्रूजलाच आहे. त्या उन्हाळ्यात जाणार असाल तर कोर्स कुठल्या काळात बंद ते पाहूनच तारखा ठरवा.

नौपाडा_ते_एडिंबरा

मी मूळ नौपाड्याचा, इकडे येऊन बारा वर्षं झाली. जमेल तेवढं लिहितो.

महिना: मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात. जून-जुलैत दिवस फार मोठा, रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. मेमध्ये गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात. बघायला सुंदर, पण बॉल आत गेला तर हात घालू नका. नवा बॉल काढा.

हवा: १२ ते १७ डिग्री. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून अचानक धुकं चाल करून येतं, त्याला इथे हार म्हणतात. लख्ख उन्हात खेळ सुरू करावा आणि दोन होलनंतर भोकातला झेंडा दिसू नये, असं माझं दोनदा झालंय. एका दिवसात चारही ऋतू धरूनच कपडे घ्या. जाड स्वेटर एक घेण्यापेक्षा पातळ थर तीन, आणि वरून चांगला वॉटरप्रूफ सूट. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, सुटात नको.

मुक्काम: दहा दिवसांत सगळा स्कॉटलंड पालथा घालू नका. लोक एक दिवस ट्रून, मग डॉरनॉक, मग कार्नोस्टी असं करतात आणि निम्मी सुटी गाडीत घालवतात. बाबांचं वय पाहता मी म्हणेन की सेंट अँड्रूजला किंवा फाइफच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात सात रात्री आणि एडिंबरात दोन-तीन. सेंट अँड्रूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिंबराहून गाडीने तासाभरात ल्यूखर्स, तिथून बस. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आपलं लायसन्स चालतं आणि इथेही डावीकडूनच चालवतात.

एक दिवस नॉर्थ बेरिकसाठी ठेवा. एडिंबराहून लोकलने अर्ध्या तासात पोहोचता, आणि स्टेशनपासून कोर्स चालत जाण्याइतका जवळ. समोर समुद्रात बास रॉक नावाचा मोठा कातळ आहे, समुद्रपक्ष्यांनी पांढराफेक पडलेला. तेराव्या होलला ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडे दगडी गडगा आडवा येतो. आपल्याकडे कोकणात बागेला असतो ना, अगदी तसाच. बॉल गडग्याला चिकटून थांबला तर आधी मागे मारायचा, मग पलीकडे. हा गडगा पाडावा असं इतक्या वर्षांत कोणाला वाटलं नाही, म्हणून मला तो कोर्स फार आवडतो.

पारसिकच्या_पायथ्याशी

किती छान लिहिलंत दादा! गडग्याचं वाचून दाखवलं तर बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

दोन शंका आहेत. तिकडे बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळते का? आणि खर्चाचा अंदाज?

समिधा_८

बग्गी गृहीत धरू नका. लिंक्सवर चालायचंच असतं. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन त्या त्या कोर्सला आधी ईमेल करा. आमच्या सासऱ्यांसाठी आम्ही तसं केलं होतं. एका क्लबने होकार दिला, दुसऱ्याने नम्रपणे नाही म्हटलं. कॅडी मात्र नक्की घ्या. बॅग तो उचलतो, बॉल कुठे पडला तेही तोच बघतो, आणि बाबांना फक्त चालायचं राहतं. त्याची फी ग्रीन फीपेक्षा (कोर्सवर खेळायच्या फीपेक्षा) वेगळी असते, वर टिप द्यायची पद्धत आहे. दोन्ही रोख जवळ ठेवा.

ओल्ड कोर्सची फी उन्हाळ्यात माणशी ३०० पौंडांच्या वर आहे. त्याच गावातला न्यू कोर्स पुष्कळ स्वस्त. नाव न्यू असलं तरी तो १८९५ चा. शिवाय जुबिली आहे, ईडन आहे. संध्याकाळच्या कमी दराच्या वेळाही असतात, आणि मेमध्ये उजेड भरपूर. आमची सगळ्यात आनंदाची फेरी अशीच संध्याकाळी सहानंतरची होती.

एक वाईट अनुभवही सांगते. आम्ही एका टूर कंपनीमार्फत गेलो होतो. "ओल्ड कोर्स हमखास" असं सांगून पैसे घेतले, आणि तिथे पोहोचल्यावर कळलं की त्यांनी आमची नावं फक्त बॅलटमध्ये टाकलीत, जे आम्ही स्वतःही करू शकलो असतो. नाव लागलं नाहीच. सासरे काही बोलले नाहीत, पण परतीच्या विमानात फार गप्प होते. तेव्हा कोणी हमखास म्हणालं तर टी टाइमची तारीख, वेळ आणि कोर्सचं नाव लेखी मागा. दिलं नाही तर पुढे जाऊ नका.

जाताना आमची एक गोल्फ बॅग तीन दिवस उशिरा आली. म्हणून शूज, हातमोजे आणि पावसाचा सूट हातातल्या बॅगेत ठेवा. क्लब भाड्याने मिळतात, आपल्या मापाचे शूज आयत्या वेळी मिळत नाहीत.

खारघरचा_वारा

लेकी, तुझ्या बाबांना मी बहुधा कोर्सवर पाहिलंय. डोक्यावर पांढरी टोपी आणि प्रत्येक शॉटआधी एकदा आकाशाकडे बघणारे तेच असतील तर आमचा रामराम सांग.

मी दोनदा जाऊन आलो. इथे बुकिंगचं भरपूर लिहून झालंय, मी जमिनीबद्दल लिहितो, कारण पहिल्या खेपेला माझं तिथेच चुकलं. खारघरला जसा खेळतो तसाच तिथे खेळायला गेलो आणि तीन दिवस जमिनीशी भांडत बसलो.

समुद्राकाठी आहे म्हणून कुठलाही कोर्स लिंक्स होत नाही. सुपीक शेती आणि समुद्र यांच्या मधे जी वाळूची, चढउतारांची, शेतीला निरुपयोगी पट्टी असते ती लिंक्स. आपल्याकडची पुळण डोळ्यांपुढे आण. आपल्या पुळणीवर मर्यादवेल वाळू धरून ठेवते, तिकडे ते काम मॅरम नावाचं उंच गवत करतं. सुरूचं बन मात्र नाही, झाडच नाही. आडोसा शून्य. खाली वाळू असल्यामुळे पाऊस पडला की पाणी लगेच जिरतं आणि जमीन टणक राहते. वर फेस्क्यू गवत, बारीक आणि चिवट. आपल्याकडे पावसाळ्यात बॉल पडतो तिथेच रुततो. तिकडे तो पडल्यावर पुढे तीस-चाळीस यार्ड पळतो, आणि कुठे वळेल ते जमिनीचे उंचवटे ठरवतात.

म्हणून उंच मारून ग्रीनवर बॉल थांबवायचा हट्ट सोडायचा. वारा तो उचलून नेतो, आणि खाली पडला तरी थांबत नाही. जमिनीलगत मारायचं. बॉल उजव्या पायाजवळ घ्यायचा, सात नंबरचं आयर्न, अर्धाच स्विंग, आणि ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे टाकून पळू द्यायचा. ग्रीनच्या बाहेरून, अगदी तीस यार्डांवरूनसुद्धा पटर (बॉल जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) वापरायला लाजू नये. माझ्या कॅडीने पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं वेज (बॉल उंच उडवायचा क्लब) काढून घेतलं, बॅगेत ठेवलं आणि पटर दिला. तेव्हा मला राग आला होता. आज त्याचे उपकार मानतो.

बंकर तर जवळून बघण्यासारखे. आपल्या बंकरसारखी पसरट वाळूची थाळी नाही, विहिरीसारखे खोल आणि अरुंद. भिंत गवताच्या ढेकळांनी थरावर थर रचून बांधलेली, विटांचं बांधकाम असावं तशी. जवळ गेलास की प्रत्येक थराची काळपट माती आणि मधून डोकावणारं गवत वेगवेगळं दिसतं. बॉल त्या भिंतीच्या बुडाशी असेल तर झेंड्याकडे बघूच नये. आडवा किंवा मागे मारून बाहेर यावं. ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलजवळचा रोड बंकर भल्याभल्यांना रडवतो.

सराव इथेच करता येतो. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, त्या वेळी बाबांना ने. सकाळच्या शांत हवेत खेळून लिंक्सची तयारी होत नाही. आणि आठवड्यातून दोनदा फक्त पाच क्लब घेऊन खेळा.

चालण्याचंही सांगतो. ओल्ड कोर्स बऱ्यापैकी सपाट आहे. नऊ होल एका दिशेने खाडीच्या मुखापर्यंत जायचे, नऊ परत गावाकडे यायचे. एकूण चाल मात्र आठ-नऊ किलोमीटर धरा. पारसिकच्या टेकडीवर जाण्यापेक्षा रोज संध्याकाळी पाम बीच रोडलगत तास-दीड तास चालणं गुडघ्याला बरं. आत्तापासून सुरू करा.

घोडबंदरचा_गोल्फर

काका, प्रिंट काढून ठेवतोय.

मोहर_आंब्याचा

मी गोल्फ खेळत नाही, पण मनापासून विचारतो. एवढा खर्च करून, एका सोडतीच्या भरवशावर, गुडघा दुखत असताना इतक्या लांब जावं असं त्या जागेत काय आहे? इथे चेंबूरला आहे, खारघरला आहे. मला खरंच समजून घ्यायचंय.

पारसिकच्या_पायथ्याशी

रास्त प्रश्न आहे, आईनेही हाच विचारला होता.

बाबांना त्या जागेचं जे आवडतं ते सांगते. ती जमीन कोणा श्रीमंताच्या क्लबची नाही, गावाची आहे. आपल्याकडे गायरान असतं तशी. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपने गावकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क लेखी मान्य केला, आणि स्वतःला तिथे ससे पाळायची परवानगी घेतली. आज १९७४ च्या कायद्याने एक ट्रस्ट ती सांभाळतो. रविवारी गोल्फ बंद असतो तेव्हा त्याच फेअरवेवर गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात, मुलं खेळतात. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ग्रीनच्या कडेने कोणीही उठून चालत जावं, हे बाबांना फार थोर वाटतं. आयुष्यभर गेटवर पास दाखवून आत गेलेला माणूस आहे. तिथे गेटच नाही, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

गुडघा पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा बरा असणार नाही, हेही आहेच.

मोहर_आंब्याचा

समजलं. जाऊन या ताई. मग फोटो टाका इथे.

लाटांवर_स्वार

आयर्लंडचाही विचार करा. लाहिंचला डेल नावाचा एक छोटा होल आहे. ग्रीन दोन टेकड्यांच्या मधे पूर्ण लपलेलं, टीवरून काहीच दिसत नाही. समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो. त्या दिवशी झेंडा जिथे असेल त्या रेषेत तो दगड सरकवतात. दगडावर नेम धरून मारायचं आणि टेकडी चढून बघायचं काय झालं ते. मी पलीकडे जाईपर्यंत छातीत धडधड ऐकत होतो.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटन आणि आयर्लंड एकाच व्हिसात करण्याची सोय आहे, पण त्यासाठी व्हिसावर तशी नोंद असावी लागते, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. नॉर्दर्न आयर्लंडमधले रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाउन ब्रिटनच्या व्हिसातच येतात.

नौपाडा_ते_एडिंबरा

लाहिंच सुंदरच आहे, पण दहा दिवसांत दोन्ही नको. दमछाक होईल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, त्या आधी नाही. मेमध्ये येणार तर फेब्रुवारीत कागद तयार ठेवा. खाऊ आणताना भाजणी, मेतकूट खुशाल आणा, पण पेढे, बर्फी, खवा काही नको. दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आता सात रात्रींचं असं सुचवतो. पोहोचल्यावर दोन दिवस खेळ नाही. पहिल्या संध्याकाळी हिमालयाज. दचकू नका, ओल्ड कोर्सला लागूनच एक मोठं पुटिंग ग्रीन आहे, इतकं उंचसखल की नावच हिमालय पडलं. तिथल्या बायकांचा पुटिंग क्लब १८६७ चा. थोडे पौंड देऊन कोणालाही खेळता येतं, आणि जमिनीचा अंदाज यायला याहून चांगली जागा नाही. मग न्यू कोर्स किंवा जुबिली, एक दिवस विश्रांती, एक दिवस क्रेल, एक दिवस एली. आणि रोज न चुकता बॅलट. नाव लागलं तर त्या दिवशीचं बाकी सगळं रद्द.

एलीबद्दल जरा सांगतो. फाइफच्या दक्षिण किनाऱ्यावरचं छोटं गाव. कोर्सवर एकही पार फाइव्ह (पाच फटक्यांचा लांब होल) नाही, चालायला सोपा. पहिल्या होलला टीच्या पुढेच टेकाड येतं, पुढची मंडळी लांब गेली की नाही ते दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या खोपटात पाणबुडीचा खराखुरा पेरिस्कोप बसवलाय, एक्सकॅलिबर नावाच्या ब्रिटिश पाणबुडीचा. १९६६ पासून आहे. स्टार्टर त्यातून टेकाडापलीकडे बघतो आणि मगच तुम्हाला मारायला सांगतो.

पारसिकच्या_पायथ्याशी

दादा, तुमचा हा प्रतिसाद मी काल रात्री जेवताना मोठ्याने वाचला. पेरिस्कोपपाशी आल्यावर बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

मी धाग्यात माझगाव डॉक एवढंच लिहिलं होतं. बाबा पाणबुडीवर होते. आपल्याकडे बांधलेली पहिली पाणबुडी, शाल्की, १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली, तिच्या कामावर ते सुरुवातीपासून होते. मी तेव्हा लहान होते. रात्री उशिरा घरी यायचे, हाताला तेलाचा वास असायचा आणि कामाचं एक अक्षर बोलायचे नाहीत. काल पहिल्यांदा आम्हाला सांगितलं की पेरिस्कोप वर-खाली होताना त्याच्या सीलमधून पाण्याचा थेंबही आत येता कामा नये, आणि ते तपासायला किती रात्री गेल्या. आई म्हणाली, "इतकी वर्षं मला कसं नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "कोणी विचारलंच नाही."

मग वही घेऊन बसले. आता बेत असा: मेचा दुसरा पंधरवडा, सात रात्री सेंट अँड्रूज, तीन एडिंबरा. एली पक्कं. क्रेल आणि न्यू कोर्स पक्के. नॉर्थ बेरिक हवा बरी असेल तर. ओल्ड कोर्सचं बॅलट रोज, लागलं तर लागलं. नाहीच लागलं तर रविवारी सकाळी दोघं पहिल्या टीपासून खाडीपर्यंत चालत जाऊ, ते म्हणाले तेवढंही पुरे. टूर कंपनी नको, बुकिंग सगळं मी स्वतः करणार. डॉक्टरांचं पत्र पुढच्या आठवड्यात घेते. काका, आजपासून पाम बीचची चाल सुरू झाली, आणि हो, पांढऱ्या टोपीवाले तेच. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

त्यांचा एकच प्रश्न आहे: स्टार्टरला विनंती केली तर त्या पेरिस्कोपमधून बघू देतील का?

नौपाडा_ते_एडिंबरा

ताई, मी उद्या सकाळीच एलीला फोन करतो आणि बाबांचं काम काय होतं ते सांगूनच विचारतो. उत्तर इथे लिहीन. तोवर त्यांच्या छातीचं आणि उंचीचं माप कळवा, वॉटरप्रूफ सूट इथूनच घेऊन ठेवतो. आणि एलीला जाल त्या दिवशी मी रजा टाकून येतोय, बाबांची बॅग मी उचलणार.